टेबलाखालचे पाय

निकोटिनची च्युइंगम चघळायची नसते. नोकरीत मी सर्वांत जास्त वेळा उच्चारलेले आणि लोकांनी सर्वांत कमी पाळलेले हे वाक्य. दोन-चार वेळा चावायची, तिखटसर चव आली की थांबायचे आणि गाल व हिरडी यांच्या मध्ये ठेवून द्यायची. चव ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा. औषध तोंडाच्या आतल्या कातडीतून रक्तात उतरते. सतत चघळली तर ते लाळेबरोबर पोटात जाते, तलफ तशीच राहते आणि उचकी लागते. ताडकळसच्या एका निवृत्त तलाठ्यांना दोन तास उचकी लागली होती. पुढच्या बाजारच्या दिवशी, मागे दहा माणसांची रांग असताना, त्यांनी मला विचारले, “बाई, हे बिडी सोडवायचं औषध हाय का जीव सोडवायचं?” रांगेतले तिघे तेवढ्यावरच निघून गेले.

तंबाखू खाणाऱ्यांना ही रीत शिकवावी लागत नाही. काही तरी गालात धरून गप्प बसणे त्यांना येते. बिडी ओढणाऱ्यांना येत नाही.

बारा वर्षे मी एका दैनिकाच्या परभणी कार्यालयात बातम्या लिहिल्या. ते कार्यालय बंद झाल्यावर प्रशिक्षण घेऊन एका धर्मादाय दवाखान्याच्या तंबाखूमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून लागले आणि गेल्या वर्षी तिथून निवृत्त झाले. दोन्ही नोकऱ्यांत काम एकच होते: अनोळखी माणसाला प्रश्न विचारायचे आणि उत्तर जसेच्या तसे लिहायचे. फरक इतकाच की बातमीतला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटत नसे.

बाहेरच्यांना वाटते, बिडी मनाच्या निर्धाराने सुटते. काहींची सुटतेही. बहुतेकांची सुटत नाही, कारण शरीराला निकोटिनची सवय लागलेली असते आणि ते अचानक बंद झाले की माणूस चिडतो, झोपत नाही, घरच्यांवर ओरडतो. म्हणून च्युइंगम किंवा पट्टी. धूर बंद, निकोटिन थोडे-थोडे चालू, आणि मग हळूहळू तेही बंद. याशिवाय डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या गोळ्या असतात. त्यांत निकोटिन नसते. त्या तलफ कमी करतात, पण बिडी सोडण्याच्या आठवडाभर आधी सुरू कराव्या लागतात. उरते ते बोलणे. तलफ येते, चढते आणि उतरते. तिला पाच-दहा मिनिटे लागतात. तेवढी मिनिटे माणसाला दुसऱ्या कशात तरी अडकवून ठेवणे, हा आमचा धंदा.

देवगाव फाट्यावरच्या एका हॉटेलवाल्याची तलफ चहाला बांधलेली होती. घोट घेतला की हात खिशाकडे जाई. मी त्याला महिनाभर चहा बंद करायला सांगितला. बिडी सुटली, गिऱ्हाईक घटले. मालक स्वतःच्या हॉटेलात चहा पीत नाही, तेव्हा चहात काही तरी भानगड असणार, अशी चर्चा फाट्यावर पसरली. शेवटी तो गिऱ्हाइकांसमोर कपात गरम पाणी घेऊन बसू लागला. ही गोष्ट मी प्रशिक्षणांत अनेकदा सांगितली आहे. लोक हसतात. मला ती सांगायला आवडते, कारण तीत माझे काही चुकलेले नाही.

पुढची गोष्ट मी प्रशिक्षणात सांगत नसे.

सोनपेठला आठवडी बाजाराच्या दिवशी आमचे शिबिर भरत असे. एक टेबल, दोन खुर्च्या, औषधांची पेटी. टेबलाला समोरून कापडी फलक बांधलेला असे. त्यावर तंबाखूने सडलेल्या तोंडाचे मोठे चित्र. फलक थेट जमिनीपर्यंत येई, त्यामुळे समोर बसलेल्याचे कमरेखालचे काही दिसत नसे. हे माझ्या लक्षात यायला सात वर्षे लागली.

दसऱ्यानंतरचा पहिला बाजार होता. लिंबाजी नावाचा छत्तीस वर्षांचा माणूस समोर येऊन बसला. मागे त्याची बायको चंद्रकला उभी होती. दोघे ऊसतोडीला जाणारे. या कामात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात; तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि वाहते, आणि दोघांपैकी एक बसला की कोयताच बसला. आठ दिवसांनी त्यांची टोळी सांगलीकडे निघणार होती, ती गुढीपाडव्यापर्यंत परतणार नव्हती.

लिंबाजीने सांगितले की खोकला लय झालाय आणि बिडी सोडायचीय. दिवसाला दोन बंडले. सकाळची पहिली बिडी अंथरुणातच. मी लिहून घेत होते. चंद्रकला मागून म्हणाली,

“पायाचं बी सांगा की.”

त्याने मान न वळवता उत्तर दिले, “पायाचं इथं न्हाई. इथं बिडीचं हाय.”

मी मान डोलावली. पायाचे सरकारी दवाखान्यात दाखवा, असे सांगितले आणि पुढचा प्रश्न विचारला. फॉर्मवर छातीत दुखणे, रक्तदाब, फिट येणे, दातांची स्थिती यांचे रकाने होते. पायाचा रकाना नव्हता. वार्ताहर असते तर मागून आलेले ते एक वाक्य मी सोडले नसते.

त्याचे निम्मे दात हलत होते, म्हणून च्युइंगमऐवजी पट्ट्या दिल्या. रोज सकाळी एक, दंडावर किंवा छातीवर, दुसऱ्या दिवशी काढून नवी, जागा बदलून. एरवी आम्ही दोन आठवड्यांच्या देतो. तो लांब जाणार म्हणून मी चार आठवड्यांच्या दिल्या. संध्याकाळी आमच्या डॉक्टरांनी माझा फॉर्म पाहून सही केली. फॉर्ममध्ये जे होते त्याप्रमाणे सही बरोबरच होती.

सतरा दिवसांनी दुपारी चंद्रकलाचा फोन आला. ती फडातून, म्हणजे तोड चालू असलेल्या उसातून बोलत होती. मागे कोयत्यांचा आवाज होता. बिडी पार सुटलीय, म्हणाली. टोळीत सगळे चकित झालेत. आणि मग: “म्याडम, पट्ट्या सरल्यात. अजून धाडा.”

अठ्ठावीस पट्ट्या सतरा दिवसांत संपल्या होत्या. मी विचारले, रोज किती लावता?

“दोन. पायाला लावायलोत.”

कोणत्या पायाला, कामून, हे विचारल्यावर तिने समजावून सांगितले. पहिले काही दिवस दंडावरच लावली. पण पाय लय ठणकायला लागला. गावातल्या कोणत्याही किराणा दुकानात कमरेला, गुडघ्याला लावायची चिकटपट्टी मिळते. जिथे दुखते तिथे लावायची असते. ही तर दवाखान्यातली, जास्त चांगली. डोक्याची तलफ शांत करते, मग पायाला का नाही करणार? म्हणून एक घोट्यावर, एक पावलावर.

मी पायाबद्दल विचारले. जे सतरा दिवसांपूर्वी विचारायला हवे होते ते आता, एका वाक्यामागून एक. चालताना पोटरी भरते का? भरते, शंभर पावलांवर बसतो, मग पुन्हा चालतो. बसल्यावरही दुखते का? दुखते. पाय खाली लोंबता सोडला की बरे वाटते. बोटांचा रंग? करंगळी काळी पडली होती. शेजारच्या बोटाचे टोकही.

बिडी ओढणाऱ्या तरुण माणसांत एक आजार दिसतो. हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या सुजतात आणि बंद होत जातात, बोटे काळी पडतात, पुढे पाय कापावा लागतो. त्याला मुख्य उपाय एकच: तंबाखू पूर्ण बंद. आणि या आजारात निकोटिनची पट्टीही चालत नाही, कारण निकोटिनमुळेही आजार धुमसत राहू शकतो. हे मला प्रशिक्षणात शिकवले होते. वहीत दोनदा अधोरेखित केलेले होते.

डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतले आणि एकच विचारले, “पाय पाहिला नव्हता?” मी नाही म्हणाले. ते म्हणाले, सगळ्या पट्ट्या आत्ता काढायला सांगा आणि तिथल्या मोठ्या दवाखान्यात पाठवा. गोळ्यांचे मी विचारले. न तपासता फोनवर लिहून देणार नाही, म्हणाले. आणि दिल्या तरी आठवडा लागेल.

मी परत फोन केला. या वेळी लिंबाजी बोलला. मी सांगितले, पट्टी काढा, एकही लावू नका, बिडीही नाही.  तो शांतपणे म्हणाला,

“म्याडम, बिडी सोडा मनलात, सोडली. आता पट्टी सोडा मनायलात. मंग धरू काय?”

 पट्टी ठेवली तर पाय जाणार. काढली तर बिडी परत येणार, आणि पाय जाणारच. मी त्याला पायाचे खरे काय ते सांगितले. भीती घालून तंबाखू सुटत नाही, असे आम्हाला शिकवतात. म्हणून शब्द मोजून वापरले, पण ‘कापणे’ हा शब्द वगळला नाही. त्याने फोन बायकोकडे दिला. पट्ट्या तिने काढल्या. काढताना कातडी लाल झाली होती, एवढे तिने सांगितले.

टोळीचा मुकादम दवाखान्याला आठ दिवसांनी सोडतो म्हणाला. तोवर मी रोज दुपारी, टोळी भाकरी खायला बसते त्या वेळी, फोन करीत असे. फडात कधी रेंज असे, कधी नसे. फोन उचलला गेला नाही की त्याने पेटवली, असे मी धरून चालत असे. केंद्रात समोर दुसरी माणसे बसलेली असत. त्यांना च्युइंगम कशी चावायची ते सांगताना माझी नजर फोनवर असे. एकाने विचारलेही, “तुमालाच कशाची तलफ आलीय काय?”

तलफेपेक्षा मोठी अडचण चंद्रकलाने तिसऱ्या दिवशी सांगितली, आणि ती मला कोणत्याही पुस्तकात सापडली नसती. फडात माणूस बसला की मुकादम हाक मारतो. पण बिडी ओढणाऱ्याला कोणी उठ म्हणत नाही. बिडी संपेपर्यंत ती त्याची सुट्टी असते. ज्याने बिडी सोडली त्याची सुट्टीही जाते. लिंबाजी शंभर पावलांवर बसू लागला तसे टोळीतले म्हणू लागले की बिडी न्हाई, काही न्हाई, तर हा बसतो कशाला? शिवाय शेजारी बसणारा आपली बिडी पुढे करतो. नाही म्हणणे उद्धटपणाचे. पट्टी होती तोवर तो दोन्ही रेटून नेत होता. आता त्याला दर बसण्याला एक बिडी समोर दिसत होती.

मी तिला नेहमीच्या सूचना दिल्या. राहायच्या कोपीत, खिशात, कुठेही बिडी राहू देऊ नका. जवळ बिडी नसणे हा आमचा पहिला नियम. पाणी, बडीशेप, दहा मिनिटे. मग सवयीने विचारले, आणखी तंबाखूचे घरात काही?

 ती म्हणाली, “माझी मिसरी हाय.”

मिसरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. बायका दातांना लावतात. सकाळी एकदा, दुपारी एकदा, काही जणी दिवसभर. चंद्रकला लग्नाच्या आधीपासून लावत होती. शिबिरात ती माझ्यासमोर अर्धा तास उभी होती आणि मी तिला एकही प्रश्न विचारला नव्हता.

“त्यांनी लावली का कधी?”

“पट्ट्या काढल्यापून डबी लवकर सरायलीय.”

मिसरीतही निकोटिनच असते, हे मी सांगितले. डबी लपवा, असे सुचवणार होते. त्याआधीच ती म्हणाली, “लपवली तर मी लावतानी वास येतंय की.” आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी कळले की डबी तिने उसाच्या पेटत्या पाचटात टाकली. तिचे डोके आठवडाभर फुटत होते, हातून मोळ्या सुटत होत्या. हे मला तिने सांगितले नाही, लिंबाजीने सांगितले, तेही तक्रार म्हणून: “कोनासंगं बोलंना झालीय. लय बेजार हाय.” मी तिच्यासाठी काही पाठवू शकले असते. च्युइंगम किंवा पट्टी लिंबाजीच्या आसपास जायला नको, म्हणून पाठवली नाही. तिने कोणतेही औषध न घेता सोडली. तिचा फॉर्म भरलेला नव्हता, त्यामुळे केंद्राच्या आकड्यांत ती कधी आली नाही.

मोठ्या दवाखान्यात ते गेले. तपासणी झाली, निदान तेच निघाले. तंबाखूचा कण शिवलात तर पाऊल जाईल, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. तीन आठवड्यांनी करंगळी आणि शेजारचे बोट काढावे लागले. जखम भरून येईल की वर सरकेल, हे कोणी सांगू शकत नव्हते. लिंबाजी टोळीतच राहिला. फडात फिरून जनावरांसाठी उसाचे वाढे, म्हणजे हिरवे शेंडे, गोळा करून बांधू लागला. तोडायला चंद्रकला उभी राहिली. मग त्यांचा फोन बंद झाला. मुकादमाचा नंबर माझ्याकडे नव्हता. ऊस संपेपर्यंत मला काहीही कळले नाही.

त्या काळात मी दोन गोष्टी केल्या. फॉर्मवर एक ओळ वाढवून घेतली: ‘चप्पल काढून पायाची बोटे पाहिली काय?’ आणि तोंडाच्या चित्राचा फलक टेबलावरून काढून मागच्या भिंतीला लावला. दोन्ही कामांना मिळून अर्धा दिवस लागला. अनेकांनी विचारले, बिडीसाठी चप्पल कशाला काढायची. मी सांगत असे, काढा.

पाडव्यानंतरच्या बाजारी ते दोघे आले. लिंबाजी काठी न घेता आला, थोडा लंगडत. मी सांगायच्या आत त्याने चप्पल काढली आणि पाऊल समोरच्या खुर्चीवर ठेवले. दोन बोटांच्या जागी गुलाबी कातडी होती. जखम भरलेली होती. उरलेली तीन बोटे उबदार होती. मी हात लावून पाहिले. चंद्रकला मागे उभी होती. मी दुसरी खुर्ची मागवली तेव्हा ती बसली.

मी पाठपुराव्याचा फॉर्म काढला. बिडी किती? शून्य. खोकला? कमी. तेवढ्यात लिंबाजीने पाऊल खाली घ्यायला मान वाकवली आणि त्याच्या कानावर खोचलेली बिडी मला दिसली.

मी पेन खाली ठेवले. विचारले, ही काय?

“बसायची बिडी हाय,” तो म्हणाला.

ती त्याने काढून टेबलावर ठेवली. पान काळपट झाले होते, टोक चावून चावून चपटे, वरचा दोरा सुटून पुन्हा साध्या दोऱ्याने बांधलेला. दवाखान्यातून परतल्यावर पहिल्याच दिवशी त्याने ही एक बिडी मागून घेतली होती. पाय भरला की बसायचे, बिडी तोंडात धरायची, आगपेटी हातात घ्यायची. पेटवायलाय असे दिसले की मुकादम हाक मारत नाही. आणि ज्याच्या तोंडात बिडी आहे त्याला दुसरा कोणी बिडी देत नाही. पाय निवला की बिडी कानावर आणि उठायचे. टोळीतले रोज विचारत, “आरं लिंबाजी, पेटंना का काडी?” आणि तो रोज सांगे, “वली हाय.”

चंद्रकला म्हणाली, “चार म्हयने वल्याच काड्या. पाऊस न्हाई, पानी न्हाई.” ती हसली तेव्हा तिचे दात दिसले. अजून काळे होते, पण हिरड्या गुलाबी झाल्या होत्या.

फॉर्मवर पुढचा रकाना होता: ‘जवळ बिडी बाळगतो काय? हो / नाही.’ हो म्हणजे आमच्या हिशेबात अर्धे अपयश. मी ‘हो’वर खूण केली आणि शेजारी लिहिले: एक. बसण्यासाठी.

मग ती बिडी त्याच्याकडे परत सरकवली. पुढच्या हंगामाला जाणार का, असे विचारले. जावेच लागेल, तोडायचे नाही, गाडीवर मोळ्या रचायच्या, असे तो म्हणाला. मी नियमाप्रमाणे सांगितले की ही फार जुनी झाली, आता टाकून दिलेली बरी. बसायला दुसरे काही तरी शोधू.

त्याने बिडी उचलून कानावर ठेवली.

“हीच नेनार, म्याडम. नवी घेतली तर ओढू वाटंल.”